कासवाचा पंप

शहरात ज्यांना गाडी चालवता येते, त्यांतल्या निम्म्यांनी ते कसब बाईंचा ओरडा खाऊन मिळवलं आहे. "अर्धा क्लच! अर्धा म्हणजे अर्धा, पाव नाही आणि पाऊण नाही!" हे त्यांनी इतक्या लोकांना कानीकपाळी ओरडून सांगितलं, की पाठीमागे त्यांचं नावच अर्धा-क्लच बाई पडलं. तोंडावर मात्र सगळे नुसतं 'बाई' म्हणत. हे टोपणनाव बाईंना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. "निदान काय शिकवलं ते तरी लक्षात राहिलं मेल्यांच्या," असं त्या म्हणत.

त्यांची शिकवायची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी गाडी जागची हलायची नाही. शिकणाऱ्याने इंजिन चालू करून नुसतं बसायचं, क्लच दाबायचा, सोडायचा आणि इंजिनाचा आवाज कुठे जड होतो ते सांगायचं. "डोळे रस्त्याला, कान इंजिनाला," बाई बजावत. कुणी विचारलं, "आणि तोंड?" तर उत्तर तयार असे, "ते माझं मी वापरते."

गाडी त्यांच्या यजमानांनी आणलेली. गोल नाकाची, चार दारांची, साईच्या रंगाची. यजमानांचं गॅरेज होतं आणि धाकटे दीर त्यांच्या हाताखाली काम करत. दोघा भावांनी मिळून शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक बसवला आणि बाईंची शाळा सुरू झाली.

पहिल्याच वर्षी एक शिंपी शिकायला आला. माणूस भला, पण पाय शिलाई मशिनीचे. समोर हातगाडी आडवी येताच त्याने मशीन चालवावी तसा ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने गटार ओलांडलं आणि ती लाकडाच्या वखारीतल्या फळ्यांच्या ढिगावर पुढची दोन चाकं ठेवून उभी राहिली. बाईंनी आपला ब्रेक दाबला होता म्हणून ढिगावर थांबली, नाहीतर वखारवाल्याच्या टेबलापर्यंत गेली असती. कुणाला खरचटलंही नाही. घरी येऊन बाईंनी हा प्रसंग अशी नक्कल करून सांगितला की दिरांना ठसका लागला. यजमान मात्र हसले नाहीत. त्यांनी गाडी गॅरेजात घेतली, नाक ठोकून सरळ केलं आणि आठवड्याने परत दिली.

तेव्हापासून गाडीची रया गेली. सपाट रस्त्यावर गुमान चालायची, पण वेग म्हणून धरायची नाही आणि चढ दिसला की धापा टाकायची. बाईंनी मनाशी हिशेब मांडला की त्या धक्क्याने इंजिन आतून दुखावलं. यजमानांना विचारलं तेव्हा तेही म्हणाले, "जुनी गाडी आहे, चालायचंच." मुलांनी तिला कासव नाव दिलं. टेकडीच्या रस्त्याला बाईंनी ती कधी घातलीच नाही. चढावर गाडी उभी करायला त्या कालव्यावरच्या पुलाच्या जेमतेम उंचवट्यावर शिकवत. दर नव्या विद्यार्थ्याला सांगत, "एकाने पाय चुकवला आणि या बिचारीचं आयुष्य गेलं. तेव्हा सांभाळून." यजमान गेल्यावर पुढे शाळा बंद झाली आणि कासव ताडपत्रीखाली गेलं.

ते बाहेर काढायचं बाईंनी ठरवलं तेव्हा घरातल्या कुणी मनावर घेतलं नव्हतं. पण बाईंनी एकदा मनात घेतलं की मागे हटायचं नाही हा त्यांचा खाक्या. गंजलेला पत्रा बदलला, वायरी नव्या ओढल्या, गाद्या शिवून घेतल्या, रंग जुळेपर्यंत रंगाऱ्याला तीनदा परत पाठवलं. गाडी नवरीसारखी सजली. राहिला होता फक्त पेट्रोलचा पंप. जुन्यातून थेंब थेंब गळत होता. आणि राहिली होती तपासणी. जुन्या गाड्यांची तपासणी आता वाहन खात्याच्या टेकडीवरच्या आवारात होत असे, आणि नियम असा की गाडी स्वतःच्या इंजिनावर तिथवर आली पाहिजे. ओढून आणलेली चालणार नाही. महिनाअखेरपर्यंत आली तर रस्त्यावर फिरायला मोकळी, नाहीतर नोंद कायमची रद्द.

मुलाने त्यावर तोडगाही काढून ठेवला होता. "आई, बाजारातला तो हॉटेलवाला तयार आहे. दारात शोभेला ठेवतो म्हणतो. दिवे लावेल आत. रोज पुसेल."

"दिवे लावेल?"

"छान दिसेल गं."

"मग मलाही बसव आत. माझ्याही डोक्यावर एक दिवा लाव."

बाईंनी गळका पंप उतरवून जुन्या फडक्यात गुंडाळला आणि त्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने पंप उलटासुलटा केला. तळहाताएवढी वस्तू. वर काचेची वाटी, मध्ये रबरी पडदा, बाजूला बोटभर लोखंडी दांडी. इंजिन फिरलं की ही दांडी खालीवर होते, पडदा खेचला जातो आणि टाकीतलं पेट्रोल पुढे इंजिनाच्या तोंडाशी, कार्ब्युरेटरच्या वाटीत पडतं. दुकानदाराने मागून एक नवा पंप आणला आणि शेजारी ठेवला. भोकं जुळली, दांडी जुळली, नळ्यांची तोंडं जुळली.

"हुबेहूब," तो म्हणाला.

"जुळे भाऊ," बाई खूश होऊन म्हणाल्या.

मिस्त्रीने तो बसवला. हा मिस्त्री एके काळी बाईंकडेच शिकलेला, त्यामुळे स्वतःच्या गॅरेजातही तो त्यांच्यासमोर जरा सरळ उभा राही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. बाजारातून एक फेरी झाली, ओळखीच्यांनी हात केले आणि बाईंनी तिला टेकडीच्या रस्त्याला घातलं.

पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर, जिथे भिंतीला लागून पाण्याचा नळ आहे, तिथे इंजिनाचा आवाज बारीक होत गेला आणि गाडी बंद पडली. मागून ट्रक आला. ट्रकवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "आजी, ढकलू का?"

"आजी असेल तुझी! दगड लाव चाकाला."

थोडा वेळ थांबून किल्ली फिरवली तर गाडी सुरू झाली, दहा पावलं गेली आणि पुन्हा आवाज बारीक. शेवटी उतारावरून उलटी आणावी लागली. गॅरेजात बाईंचा चेहरा बघून मिस्त्रीने विनोद करायचं टाळलं.

"उष्णता आहे बाई," तो म्हणाला. "इंजिन तापतं, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. जुन्या गाड्यांचा रोगच तो."

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच, हवेत चांगला गारवा असताना, गाडी पुन्हा काढली. पुन्हा दुसरं वळण, पुन्हा नळ, पुन्हा तोच आवाज. एक बाई नळावर कळशी भरत होती. आदल्या दिवशीही तीच होती. "रोज येता का?" तिने कौतुकाने विचारलं.

"गाडीला आवडलाय तुमचा नळ," बाई म्हणाल्या.

गॅरेजात येऊन त्यांनी मिस्त्रीला समोर बसवलं. "वाफ नाही. गारव्यातही तिथेच मेली. आणि प्लगची ठिणगी जाते तेव्हा इंजिन कसं बंद पडतं?"

"दिवा घालवल्यासारखं. खटकन."

"ही तशी नाही पडत. आवाज बारीक बारीक होत जातो. हिला भूक लागते रे. सपाटीवर अर्ध्या पोटी चालते. चढाला वाटीत आहे ते संपवते आणि मग बसते."

"मग विजेचा पंप लावू. धो धो पेट्रोल."

बाईंच्या मनात नव्हतं, पण महिना संपत आला होता. मिस्त्रीने टाकीजवळ विजेचा पंप बसवला. किल्ली फिरवताच तो मधमाशीसारखा गुणगुणला आणि पाहता पाहता कार्ब्युरेटर ओसंडून पेट्रोल गरम इंजिनावर टपटप पडू लागलं. बाईंनी किल्ली काढून घेतली.

"जोर जास्त झाला," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "हा नव्या गाड्यांचा पंप. पण मध्ये दाब कमी करणारी एक डबी लावता येते."

"आधी चुकीची वस्तू लावायची, मग तिला आवरायला दुसरी लावायची. म्हणजे बंद पडायच्या जागा दोन. काढ ते."

"बाई, मग करायचं काय?"

"ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा टेकड्या होत्याच ना? की टेकड्या नंतर आल्या? बनवणाऱ्याने काहीतरी विचार केला असेल. त्याने काय लावलं होतं ते बघू."

तिथून त्या भंगारवाल्याकडे गेल्या. त्याच्याकडे याच जातीची, याच सालची एक गाडी होती. टप चेपलेला, दारं गायब, पण इंजिन जागेवर. भंगारवाला म्हणाला, "बाई, ही उठायची नाही."

"उठवायला नाही आले. पोस्टमॉर्टेमला आले."

मिस्त्रीने त्या गाडीचा पंप उतरवला. बाईंनी फडक्यातला आपला पंप काढून शेजारी ठेवला आणि दोघंही वाकून बघत राहिले. बोल्टांची भोकं तीच. पण भंगारातल्या पंपाचं अंग मोठं, पडदा रुंद आणि दांडी चांगली लांब. शिवाय त्याच्याखालचं पॅकिंग कागदाएवढं पातळ. बाईंच्या गाडीत पंपाखाली तपकिरी रंगाचा बोटभर जाड ठोकळा होता. मिस्त्रीने दर वेळी तो पुसून, आदराने, होता तिथेच परत लावला होता.

"बाई, तुमचा पंप या गाडीचा नाहीच," मिस्त्री म्हणाला. "हा त्या पिटुकल्या दोन दारांच्या गाडीचा. त्यात खाली ठोकळा लावून दांडी आणखी मागे घेतली आहे. म्हणजे हिला आयुष्यभर..."

"आयुष्यभर अर्धपोटी ठेवलं," बाई म्हणाल्या. "आणि आपण शहाण्यासारखे त्याच मापाचा नवा शोधून आणला."

असा पंप चुकून बसत नाही. ठोकळाही हाताने घासून, कोपरे गोल करून बनवलेला होता. ती घासणी कुणाची हे बाईंना सांगायला कुणी लागत नव्हतं. गॅरेजात येऊन त्यांनी ठोकळा उतरवून घेतला आणि थेट दिरांचं घर गाठलं.

दीर गुडघ्याला शेकत बसले होते. बाईंनी ठोकळा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, ठोकळा बघितला आणि त्यांना हसू फुटलं.

"अरे वा! हा अजून आहे? वहिनी, हा मीच घासला."

"कशासाठी, भाऊजी?"

"त्या शिंप्यानंतर नाही का! दादा म्हणाला, कुणी पाय चुकवला तरी गाडी उडी मारता कामा नये. लहान पंप लावला, खाली ठोकळा दिला. गाडी एकदम गरीब." मग बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष जाऊन त्यांचं हसू आखडलं. "तुम्हाला माहीत होतं ना?"

"मला कुणी सांगितलं?"

"दादा म्हणाला होता सांगू नको... ती काढून टाकेल म्हणून."

"काढलाच असता."

"तेच तो म्हणाला."

बाई खुर्चीत बसल्या. जाऊबाईंनी पाण्याचा पेला आणून दिला, तो त्यांनी हातात तसाच धरला.

"मी त्या शिंप्याला दोष देत आले, भाऊजी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले की त्याने इंजिनाची वाट लावली. तो माणूस भेटला की रस्ता बदलून जायचा. आणि त्या पुलावर दर वेळी मी या गाडीच्या वतीने लोकांची माफी मागितली."

"दादाला तुमची काळजी होती, वहिनी."

"काळजी होती ते कळलं. मला विचारायला काय झालं होतं? ढिगावर गाडी थांबवली कुणी? पंपाने?"

दीर चाचरत म्हणाले, "तरी म्हणतो, दादाच्या हातचा आहे. राहू द्यावा. सपाटीला चालतेच आहे गाडी. हॉटेलवाल्याकडे उभी राहिली तरी..."

"ह्यांची आठवण काढायला मला पंप लागत नाही," बाई म्हणाल्या, पाणी एका दमात प्यायल्या आणि उठल्या.

पण योग्य पंप कळला म्हणजे मिळाला असं नव्हे. भंगारातल्या पंपाचं अंग शाबूत होतं, पडदा मात्र हात लावताच तडकला. दुकानदाराने फोनाफोनी करून त्याच मापाचे दोन नवे पंप मागवले. एकाची दांडी बरोबर, पण स्प्रिंग इतकी ताठ की मिस्त्रीला अंगठ्याने दबेना. ताठ स्प्रिंग म्हणजे पुन्हा जास्त जोर, म्हणून बाईंनी विजेच्या पंपाची आठवण करून देऊन तो बाजूला सारला. दुसऱ्याचं पेट्रोल बाहेर पडायचं तोंड उलट्या बाजूला, म्हणजे नळी वळवून धुराच्या गरम नळकांड्याच्या कडेने न्यावी लागली असती. दुकानदार म्हणाला, "थोडं जमवून घ्या की."

"जमवूनच घेत आले इतकी वर्षं," बाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी ठरवलं ते असं. अंग भंगारातलं, मूळ कारखान्याचंच. आतला पडदा आणि झडपा नव्या, पण त्याही आताचं पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या. जुन्या रबराला हे पेट्रोल महिन्याभरात खाऊन टाकतं असं मिस्त्रीचं म्हणणं पडलं आणि ते बाईंनी लगेच मान्य केलं. स्प्रिंग जुनीच. आणि खाली पातळ पॅकिंग.

तरी बसवल्यावर त्या लगेच गाडीत बसल्या नाहीत. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून त्यांनी ती मापाच्या बाटलीत घातली आणि मिस्त्रीला स्टार्टर फिरवायला लावलं. आधी दुकानातला तो हुबेहूब पंप ठोकळ्यासकट लावून हेच करून पाहिलं होतं. तेव्हा बाटलीचा तळ जेमतेम झाकला होता. या वेळी पेट्रोल झटके देत आलं आणि तेवढ्याच वेळात बाटली निम्म्यावर गेली. नळी जोडून इंजिन सुरू केलं आणि ते ऊन होईपर्यंत चालू ठेवलं. बाईंनी कार्ब्युरेटरखाली कोरा कागद धरला. कागदावर डाग पडला नाही.

"भरपूर देतो, पण ओतत नाही," मिस्त्री म्हणाला.

"हेच पाहिजे होतं."

महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस उजाडला. दीर सकाळीच काठी टेकत हजर झाले. "मी येतो," ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता शिकवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. अपराधी माणूस अशा वेळी सोबतीला येतो, म्हणून बाईंनी हरकत घेतली नाही. गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांना दिसलं की दिरांचा पाय जादा ब्रेकवर तरंगतोय.

"पाय मागे घ्या, भाऊजी."

"सवयीने गेला."

"तुम्ही कधी शिकवलंत, सवय असायला? घ्या मागे."

पाय मागे गेला. पहिलं वळण झालं. दुसरं वळण आलं, नळ दिसला, कळशीवाली बाई दिसली. बाईंनी कान इंजिनाला लावले. आवाज जड झाला, पण बारीक झाला नाही. त्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला, तशी गाडी अंगात आल्यासारखी पुढे सरली. कळशीवाली ओरडली, "आज नाही थांबणार?" उत्तर द्यायला बाई तिथे राहिल्याच नव्हत्या.

"वहिनी, जरा हळू," दीर दाराला धरून म्हणाले.

"हळूच आहे. तुम्ही तिला असं चालताना बघून वर्षं झाली, म्हणून वाटतं."

खरी परीक्षा वर होती. आवाराच्या फाटकापुढे, ऐन चढावर, गाड्यांची रांग लागलेली. पुढे वाळूचा ट्रक. तो दोन पावलं सरके आणि थांबे. पुलाच्या उंचवट्यावर बाईंनी हजार लोकांना हे शिकवलं होतं, पण इतक्या उभ्या चढावर ही गाडी त्यांनी कधी थांबवली नव्हती. त्यांनी हँडब्रेक ओढला. मागे एक नवी चकचकीत गाडी अगदी पाठीला चिकटून उभी राहिली. दिरांनी मान वळवून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

ट्रक सरकला. बाईंनी क्लच सोडत आणला, आवाज जड झाला त्या जागी पाय धरून ठेवला, हँडब्रेक सोडला. कासव बोटभरही मागे गेलं नाही. पुन्हा थांबा, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दिरांनी डोळे उघडले. "अर्धा क्लच," ते पुटपुटले.

"शिकलात की," बाई म्हणाल्या.

तपासनीस तरुण आणि कडक होता. त्याने दिवे बघितले, खाली वाकून गळती बघितली, बोनेट उघडून पंपाभोवती बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मग स्वतः चाक हाती घेऊन आवारात एक फेरी मारली. वळताना त्याने जरा जास्तच जोर दिला असावा, कारण गाडी उसळली आणि त्याला घाईने ब्रेक लावावा लागला. उतरून त्याने काचेवर चिकटवायचं शिक्का मारलेलं कार्ड बाईंच्या हातात दिलं.

"गाडी ठीक आहे, आजी. पण पळते फार. तुम्हीच चालवणार असाल तर वेग सांभाळा."

या खेपेला 'आजी' बाईंना ऐकूच आलं नाही. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

"वेग सांभाळा म्हटलं."

"सांभाळते हो," बाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड काचेवर चिकटवलं, कोपरे अंगठ्याने दाबले आणि गाडी फाटकाबाहेर काढली. घराचा रस्ता खाली जात होता. वरचा रस्ता टेकडीच्या माथ्याकडे. तो पलीकडे कुठे जातो ते बाईंनी आजवर पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चाक वर वळवलं.

"वहिनी, घर तिकडे राहिलं," दीर म्हणाले.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि गिअर बदलला.